ओढणें आणि आवरणें

वणीहून वरोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वर्धा नदीवरील पाटाळ्याच्या पुलाच्या अलीकडे, सकाळीं घटकाभर उभें राहिलें तर ओझ्याचीं जितकीं रूपें दृष्टीस पडतात तितकीं एखाद्या मोठ्या शहरांतहि पडत नसतील. कोळशाचे मालट्रक, ताडपत्री घातलेले आणि न घातलेले; हंगामांत कापसानें फुगलेल्या ट्रॉल्या ओढीत बाजाराकडे निघालेले ट्रॅक्टर; ज्याला लोकांनीं 'छोटा हत्ती' असें नांव देऊन टाकलें आहे तें लहानसें वाहन, त्याच्या पाठीवर सिमेंटचीं पोतीं आणि पोत्यांवर बसलेलीं माणसें; आणि अजूनहि, क्वचित्, एखादी बंडी. वणी हें कापसाचें आणि कोळशाचें गांव. लोकनायक बापूजी अणे येथें १८८० सालीं जन्मले, याचा आम्हां वणीकरांस अभिमान आहे. परंतु गांवाचा दिवस पुढाऱ्यांच्या स्मृतीवर चालत नसून वजनकांट्यावर चालतो, हें कबूल केलें पाहिजे.

या साऱ्या देखाव्यांत एक गोष्ट समान आहे. ओझें घालणारा एक असतो आणि तें ओढणारा दुसरा असतो. आणि घालणाऱ्यास विचारलें कीं, 'इतकें कां घातलें?' तर बहुधा एकच उत्तर मिळतें, 'ओढतो कीं!' हें उत्तर इतकें सरळ वाटतें कीं त्यावर पुढें बोलण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. तथापि त्यांत एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याच्या अंगीं ओढण्याची शक्ति आहे त्याच्यावर तितकें ओझें घालण्याचा अधिकार आपणांस आपोआप प्राप्त होतो काय?

हा प्रश्न मला रस्त्यानें सुचविला नाहीं. तो सुचविला माझ्या भाच्यानें, आणि तोहि अमेरिकेंतून. हा मुलगा कोलोरॅडो संस्थानांत डेन्वर शहराजवळ राहतो. तिकडील मध्यम स्थितींतल्या कुटुंबांत एक हौस आहे. सुटींत चाकांवरचें घर घेऊन हिंडावयाचें. आंत निजावयाची जागा, चूल, नहाणीघर, पाण्याची टांकी, सर्व कांहीं असतें. फक्त इंजिन नसतें. हा ट्रेलर आपल्या पिकअप गाडीच्या मागें अडकवावयाचा आणि डोंगर, जंगलें, सरोवरें पाहत फिरावयाचें. भाच्याजवळ जी पिकअप आहे त्या वर्गाच्या गाडीस तिकडे 'हाफ-टन' म्हणजे अर्ध्या टनाची गाडी म्हणतात. हें नांव जुन्या काळचें, जेव्हां अशी गाडी आपल्या पाठीवर खरोखरच अर्धा टन वाही. आजच्या गाड्या त्याहून बरेंच अधिक वाहतात, पण नांव मात्र तेंच राहिलें आहे. आपल्याकडे पंचाहत्तर वर्षांच्या गृहस्थास त्याची आत्या 'बाळ' म्हणते, त्यांतलाच हा प्रकार.

एके रात्रीं त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर गणित शिकविलेंत, म्हणून विचारतों. माझी गाडी ४,१०० किलो ओढते असें कंपनीनें छापलें आहे. ट्रेलर सर्व सामानानिशीं ३,२०० किलो भरतो. म्हणजे ९०० किलो शिल्लक. दुकानदार म्हणतो, याहून मोठा घ्या, गाडीला जड नाहीं. मग घ्यावयास काय हरकत आहे?"

मी म्हणालों, "हरकत आहे कीं नाहीं हें नंतर पाहूं. गाडीच्या पाठीवर किती घालावें, हें कोठें लिहिलें आहे का?"

तें लिहिलेलें होतें. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी चिठ्ठी चिकटविलेली असते. तीवर त्या विशिष्ट गाडीनें माणसें व सामान मिळून किती वजन वाहावें याचा आंकडा असतो. याच्या गाडीचा आंकडा ६८० किलो. आतां या आंकड्यांत ट्रेलरचा संबंध काय, असें वाचकांस वाटेल. संबंध असा आहे कीं ट्रेलर केवळ मागून ओढला जात नाहीं. त्याची दांडी गाडीच्या पाठीवर टेकलेली असते, आणि ट्रेलरच्या एकंदर वजनाचा सुमारें दहावा ते सातवा हिस्सा त्या दांडीवाटे गाडीच्या अंगावर येतो. ३,२०० किलोंचा शेंकडा तेरा धरला तरी ४१६ किलो झाले. आई, बाप आणि दोन मुलें मिळून २३०. ट्रेलर जोडण्याचें लोखंडी सामान ४०. मागच्या हौद्यांतल्या वस्तु ७०. बेरीज ७५६. ज्या गाडीला ओढण्यांत ९०० किलो शिल्लक दिसत होते, ती वाहण्यांत ७६ किलोंनीं अगोदरच बुडालेली होती.

आणखी एक गंमत अशी कीं, ओढण्याचे हे आंकडे पूर्वीं प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीनें ठरवी. पुढें तेथील मोटार अभियंत्यांच्या संस्थेनें सर्वांसाठीं एकच कसोटी घालून दिली: आरिझोना संस्थानांतील डेव्हिस धरणाजवळचा लांब चढ, भर उन्हाळ्याची उष्णता, आंतील थंड हवेचें यंत्र चालू ठेवून गाडीनें ठराविक वेग राखून चढून दाखवावें, इत्यादि. कसोटी प्रामाणिक आहे. तींत थांबविण्याचीहि परीक्षा आहे. परंतु त्या कसोटींत गाडींत प्रत्येकीं १५० पौंडांचीं दोनच माणसें धरलेलीं असतात. मुलें धरलेलीं नसतात. मुलांच्या सायकली, आजीनें दिलेला लोणच्याचा डबा, हेंहि नसतें. जाहिरातीमधील आंकडा खोटा नसतो. तो फक्त अपत्यहीन असतो.

भाचा हुशार आहे. त्यानें लगेच उपाय काढला. "मग सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूस सरकवितों. दांडीवरचा भार हलका होईल, आणि आंकडा बरोबर बसेल."

मी जवळजवळ ओरडलोंच. कारण हा उपाय मी लहानपणीं पाहिलेला आहे. आमच्याकडे बंडीची मागील बाजू जड झाली म्हणजे 'बंडी उलाळ झाली' असें म्हणतात. दोन चाकांची ती. मागें भार पडला कीं पुढचें जूं वर उचललें जातें, जुपणीनें बैलाच्या गळ्यास फांस बसतो आणि बंडी बैलांच्या ताब्यांत राहत नाहीं. पुढें फार जड केली तर बैलांच्या खांद्यांवर अन्याय. म्हणून भरणारा जाणता असला तर भार आंसाच्या किंचित् पुढें ठेवतो, बैलाच्या मानेवर थोडा, ताबा राहील इतकाच. अमेरिकेंतल्या ट्रेलरचें शास्त्र याहून निराळें नाहीं. दांडीवरचा भार दहाव्या हिश्श्याहून फार कमी झाला कीं वेगांत ट्रेलर शेंपटासारखा हेलकावे खाऊं लागतो, आणि मग शेंपूट जनावरास हलवितें. थोडक्यांत, ओढणाऱ्याच्या अंगावर भार पडूं द्यावयाचा नाहीं आणि ओझें मात्र त्याच्या ताब्यांत राहावें अशी सोय निसर्गानें ठेवलेली नाहीं.

बंडीची गोष्ट निघाली म्हणून एक जुनी हकीकत सांगणें प्राप्त आहे. ती सांगतांना मला आजहि संकोच वाटतो.

१९६६ सालचा हिवाळा. महाराष्ट्रांत कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ सालीं सुरू झाली. त्यापूर्वींचा तो काळ. भाव रोज हाले. वणीच्या बाजारांत दुसऱ्या दिवशीं भाव उतरणार अशी वदंता होती, आणि आमच्या काकांना घरांतला सगळा कापूस एकाच खेपेंत न्यावयाचा होता. लांकडी चाकांची, लोखंडी धाव बसविलेली आमची बंडी. सालदार वर उभा राहून कापूस तुडवीत होता. कांहीं वेळानें तो खालीं उतरला आणि म्हणाला, "मालक, बस झालं. चढावर बैल बंडीले ओढते, उतारावर बंडी बैलाले लोटते."

काका घुटमळले. तेवढ्यांत मी, दहा वर्षांचा, शाळेंत नुकताच त्रैराशिक शिकलेला, पाटी घेऊन पुढें झालों. दुसऱ्या खेपेचा खर्च, दोन माणसांचा दिवस, बैलांची वैरण, आणि भाव उतरल्यास होणारें नुकसान, सर्व मांडून मीं दाखवून दिलें कीं दुसरी खेप करणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें. काकांनीं पाटी पाहिली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि उरलेला कापूस बंडीवर चढला.

चढ दोन होते. बैलांनीं ते दोन्ही काढले. प्रत्येक चढ संपला कीं मी सालदाराकडे विजयानें पाहत होतों. पुढें नाल्याचा उतार आला. भरलेली बंडी उतारावर मागून दोर धरून आवरावी लागते. त्यासाठीं माणसें पाहिजेत. आम्ही दोघेच होतों आणि त्या दोघांत एक मी. सालदार हातांत दगड घेऊन चाकाला उटी लावावयास धांवला, पण चाक त्याच्यापुढें गेलें होतें. डावीकडचा बैल गुडघ्यांवर आला आणि बंडी त्याच्यावर गेली. पुढचा पाय मोडला. तो बैल पुन्हां कधीं जुंपला गेला नाहीं. गोठ्यांत तीन पायांवर उभा राहून दिवस काढी. कापूस बाजारांत तोलला तेव्हां साडेनऊ क्विंटल भरला, आणि भाव त्या दिवशीं उतरला नाहीं.

दोष कोणाचा ठरला? सालदाराचा. त्यानें बंडी सांभाळली नाहीं, असें घरांत ठरलें आणि त्याच्या सालाच्या ज्वारींतून कपात झाली. मी गप्प बसलों. माझ्या हिशेबांत एकहि चूक नव्हती, हें मला माहीत होतें, आणि तेवढ्याच बळावर मी गप्प बसूं शकलों.

पुढें कित्येक वर्षांनीं ओझ्याच्या जनावरांसंबंधीं १९६५ सालीं केंद्र सरकारनें केलेले नियम माझ्या वाचनांत आले. रबरी टायर नसलेल्या दुचाकी बंडीवर मध्यम बांध्याच्या बैलांकडून ७०० किलोंहून अधिक ओढून घेऊं नये, असें त्यांत आहे. दिवसाकांठीं नऊ तासांहून अधिक जुंपूं नये. उष्णता ३७ अंशांवर असेल तेथें दुपारीं बारा ते तीन जुंपूं नये, असेंहि आहे. आमच्याकडील वैशाख ज्यानें पाहिला आहे त्याला ३७ अंश हा आंकडा वाचून हंसूं येईल; पण तें असो. मला विशेष वाटलें तें निराळ्याच कलमाचें. एक किलोमीटर लांबीचा खडा चढ वाटेंत असेल तर ओझें निम्मे करावें, असें तें कलम सांगतें. चढाचा विचार झाला आहे. उताराचा मला कोठें आढळला नाहीं. नियम करणाऱ्यांनाहि, माझ्या पाटीप्रमाणेंच, ओढतांना होणारे श्रम तेवढे दिसले.

श्रम दिसतात, म्हणूनच आपण फसतों. ओढण्याची शक्ति रोज डोळ्यांपुढें सिद्ध होत असते. आवरण्याची शक्ति ज्या क्षणीं लागते त्याच क्षणीं कळते, तत्पूर्वीं तिची रंगीत तालीम नसते. आणि या दोहोंमधील उणिवांचें फळहि सारखें नाहीं. ओढण्यांत बैल कमी पडला तर ओझें जागच्या जागीं राहतें. नुकसान झालें तर मालकाचें, तेंहि थोडें. आवरण्यांत कमी पडला तर ओझें स्वतः चालूं लागतें, आणि तें कोणाच्या अंगावर जाईल हें मालकास विचारून जात नाहीं. म्हणून 'ओढतो कीं' हें उत्तर अपुरें आहे असें नव्हे. तें भलत्याच प्रश्नाचें उत्तर आहे.

कान्ट या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या नांवाशीं निगडित असलेला एक सिद्धांत आहे: जें करणें मनुष्यास शक्य नाहीं तें त्याचें कर्तव्य म्हणून सांगतां येत नाहीं. कर्तव्यामागें शक्यता असली पाहिजे. व्यवहारी लोकांनीं हा सिद्धांत न वाचतांच उलटा करून ठेविला आहे: जें शक्य आहे तें सर्व करणें हें कर्तव्यच. मग ज्याची शक्ति वापरावयाची राहिली तो चुकार, आणि जी जागा रिकामी राहिली ती वायां. परंतु रिकाम्या राहिलेल्या त्या जागेचा मालक कोण? भाच्याच्या हिशेबांतले ९०० किलो हे त्याचे असें तो समजत होता. डेन्वरहून पश्चिमेस जाणारा ७० क्रमांकाचा हमरस्ता आयझेनहॉवर बोगद्याशीं सुमारें ११,००० फूट उंची गांठतो आणि तेथून शेंकडा सातच्या उतारानें मैलोगणती खालीं येतो. त्या उताराच्या कडेला खडीचे चढ मुद्दाम बांधून ठेविले आहेत. ब्रेक तापून निकामी झालेल्या मालगाडीनें त्यांत शिरावें आणि रुतून थांबावें, एवढ्यासाठीं. जो ओझें आवरूं शकला नाहीं त्याच्यासाठीं आणि त्याच्यापुढें चाललेल्या निरपराध्यांसाठीं समाजानें राखून ठेवलेली ती रिकामी जागा आहे. तेथें कांहीं पिकत नाहीं. तिला वायां गेलेली जमीन कोण म्हणेल?

येथवर लिहिणें सोपें होतें. माझा भाचा हौसेसाठीं ओढतो. तो मोठा ट्रेलर न घेतां सुखानें राहूं शकतो. परंतु पाटाळ्याच्या वाटेवर जो ट्रॅक्टर कापसाची ट्रॉली ओढीत चालला आहे त्याच्या मालकास 'एक खेप अधिक कर' असें मी कोणत्या तोंडानें सांगावें? डिझेलचा एक फेरा त्याच्या नफ्याचा केवढा वांटा खातो हें मी जाणतों. आपल्याकडील पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सर्व भार ट्रॅक्टरनेंच आवरावयाचा. अमेरिकेंतल्या त्या सहलीच्या घराला स्वतंत्र विजेचे ब्रेक आहेत आणि ज्यावर कुटुंबाचें वर्ष अवलंबून त्या कापसाला ते नाहींत, ही विषमता उपदेशानें भरून येणारी नाहीं. गरिबाला मर्यादा पाळणें महाग पडतें. मर्यादेचीं सारीं पुस्तकें, हें ध्यानांत ठेवावें, ज्यांना दुसरी खेप परवडते त्यांनीं लिहिलीं आहेत. माझा हा लेखहि त्यांतच धरावा.

परंतु या सबबीचा उपयोग गरिबापेक्षां दुसरेच अधिक करतात. खेपेवर पैसे मिळणारा मालट्रकचा चालक आपण होऊन दोन टन अधिक भरीत नाहीं. भरणारा कोणी तरी असतो, आणि तो उतारावर नसतो. मोटार वाहन कायद्यास हें ठाऊक आहे. २०१९ च्या सुधारणेप्रमाणें मर्यादेबाहेर भार नेणाऱ्यास २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनामागें २,००० रुपये दंड आहे, जादा भार उतरवून घेतल्यावांचून गाडी पुढें जाऊं द्यावयाची नाहीं, आणि हा अपराध केवळ चालविणाऱ्याचा नसून चालवावयास लावणाऱ्याचा व चालवूं देणाऱ्याचाहि आहे. कलमाचे शब्द उत्तम आहेत. पण रस्त्यावर हात दाखवून थांबवितां येतो तो चालकच. लावणारा घरीं चहा पीत असतो. १९६६ सालीं आमच्या घरीं जें झालें तें कायद्यावांचून झालें, एवढाच फरक.

शिवाय रस्ताहि कोणाचा तरी आहे. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांत १९५८ पासून दोन वर्षें मुद्दाम गाड्या फिरवून रस्त्यांची झीज मोजण्यांत आली, आणि असें दिसून आलें कीं आंसावरचा भार वाढला म्हणजे रस्त्याची हानि साधारणतः त्याच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे पांचवा हिस्सा भार अधिक, तर झीज जवळजवळ दुप्पट. खाणीकडील रस्त्यावरचे खड्डे चुकवीत शाळेस जाणाऱ्या मुलांना हें गणित कोणी शिकवावें लागत नाहीं.

घरांतल्या घरांतहि हेंच चालतें. ज्या घरांत एक मुलगा कर्ता निघतो त्या घरांत बहिणीचें लग्न, भावाचें शिक्षण, गांवच्या घराची डागडुजी आणि शेवटीं नव्या घराचे हप्ते, सर्व त्याच्या खांद्यावर चढत जातें, कारण तो ओढतो. ज्या सुनेला दोन कामें जमतात तिला तिसरें मिळतें. कोणी दुष्ट नसतें. प्रत्येक जण एकेक पेंढी ठेवतो आणि तीहि कौतुकानें. तो माणूस चढावर कसा आहे हें सगळ्यांना दिसतें. नोकरी सुटली, दुखणें आलें, तर हें सर्व त्याला थांबवितां येईल का, हें विचारणारा घरांत कोणी नसतो. आणि विचारलें तर तो स्वतःच म्हणतो, 'ओढून नेईन.' आमच्या बैलास बोलतां येतें तर पहिल्या चढाच्या माथ्यावर तोहि कदाचित् असेंच म्हणाला असता. पोळ्याच्या आदल्या दिवशीं आम्ही बैलांचे खांदे तूप-हळदीनें शेकीत असूं. त्या वर्षीं सालदारानें पाय मोडलेल्या बैलाचाहि खांदा शेकला. काकांनीं विचारलें, "त्याला आतां कशाला?" सालदार कांहीं बोलला नाहीं, आणि हळद लावीत राहिला.

ही हकीकत मीं भाच्यास फोनवर सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "मामा, त्या सालदाराला तुम्ही पुढें कधीं कांहीं बोललांत?" मी नाहीं म्हणालों.

मोठा ट्रेलर त्यानें घेतला नाहीं. आहे तोच जोडून, मुलांना व बायकोला आंत बसवून, तो सार्वजनिक वजनकांट्यावर गेला आणि तेथील चिठ्ठीचें छायाचित्र त्यानें मला पाठविलें. हिशेब माझ्या अंदाजाहून फारसा चुकला नव्हता. गाडी अजून कांहीं किलोंनीं जडच होती. सायकली आणि हौद्यांतल्या दोन पेट्या त्यानें घरीं उतरविल्या. ट्रेलरची पाण्याची टांकी पुढच्या बाजूस आहे आणि ती भरली म्हणजे दीडशें किलो होते. तीहि त्यानें रिकामी केली. पाणी घाट उतरून मुक्कामावर पोंचल्यावर भरूं, असें त्यानें कळविलें आहे.